शिशाचा पिवळा साका

निर्मळ पाण्यासारखीं दिसणारीं दोन द्रावणें एका पेल्यांत एकत्र केलीं, तर कोणत्या रंगाचें मिश्रण होईल, असें एखाद्या चुणचुणीत मुलाला विचारावें. “पाण्याच्याच रंगाचें,” असें उत्तर तो बेधडक देईल. व्यवहाराच्या दृष्टीनें तें चूक नाहीं; पाण्यांत पाणी मिळविल्यानें रंग येत नाहीं. परंतु त्या दोहोंपैकीं एका द्रावणांत लेड नायट्रेट, म्हणजे शिशाचा एक पांढरा क्षार, आणि दुसऱ्यांत पोटॅशियम आयोडाइड असेल, तर दोहोंचा संगम होतांक्षणींच पेल्यांत पिवळाधमक ढग उसळतो. कांहीं वेळानें तो खालीं बसतो, वरचें पाणी पुन्हां स्वच्छ होतें, आणि तळाशीं चिमूटभर हळद सांडावी तसा एक थर राहतो. या थराला रसायनशास्त्रांत अवक्षेप म्हणतात. घरगुती भाषेंत तोच साका.

हा प्रयोग शाळाशाळांतून दाखविला जातो. मुलें कौतुकानें पाहतात, वहींत समीकरण उतरवून घेतात आणि घंटा होतांच विसरून जातात. विसरण्याजोगा मात्र तो नाहीं. हा साका कां बसतो, त्याला रंग कोठून येतो, आणि पाण्यांत न विरघळणारी अशी वस्तु पोटांत गेली तर तिचें काय होतें, या प्रश्नांची एक सांखळीच त्या चिमूटभर थरापासून सुरू होते. तिचें दुसरें टोंक घरोघरच्या मसाल्याच्या डब्यापर्यंत येऊन पोंचतें.

प्रथम साका कां बसतो तें पाहणें योग्य. मिठाचा खडा पाण्यांत टाकला म्हणजे तो दिसेनासा होतो, पण नाहींसा होत नाहीं. त्याचे सूक्ष्म विद्युद्भारित कण, ज्यांना आयन म्हणतात, एकमेकांपासून सुटून पाण्याच्या रेणूंमध्यें विखुरतात. लेड नायट्रेट विरघळलें म्हणजे शिशाचे धन आयन आणि नायट्रेटचे ऋण आयन असे वेगळे होतात. पोटॅशियम आयोडाइड विरघळलें म्हणजे पोटॅशियमचे धन आणि आयोडीनचे ऋण आयन मोकळे होतात. दोन्ही द्रावणें एकत्र झालीं कीं हे चारही प्रकारचे कण यात्रेंतील माणसांप्रमाणें एकमेकांत मिसळतात. पोटॅशियम आणि नायट्रेट यांची भेट झाली तरी पाणी त्यांना सहज दूर करतें. शिसें व आयोडीन यांची भेट मात्र वेगळी. शिशाच्या एका आयनाभोंवतीं आयोडीनचे दोन, अशी त्यांची गांठ पडली कीं ती सोडविण्यास पाण्याचें बळ अपुरें पडतें. अशा गांठी शेजारींशेजारीं रचल्या जाऊन त्यांचे बारीक स्फटिक बनतात आणि डोळ्यांना साका दिसूं लागतो.

आंकड्यांनीं ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. २० अंश सेल्सियस उष्णतामानाच्या एक लिटर पाण्यांत लेड नायट्रेट अर्ध्या किलोहूनही अधिक विरघळतें. पोटॅशियम आयोडाइडाची तऱ्हा तर याहून मोठी. तें एक किलोहून अधिक सामावतें. परंतु या दोघांपासून जन्मलेलें शिशाचें आयोडाइड तेवढ्याच पाण्यांत जेमतेम पाऊण ग्रॅम राहूं शकतें. त्याहून अधिक जें असेल त्याला तळ गांठण्यावांचून गत्यंतर नसतें. येथें एक बारकावा ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. साका म्हणजे मुळींच न विरघळणारी वस्तु नव्हे. अत्यल्प विरघळणारी वस्तु होय. तो पाऊण ग्रॅम वरच्या स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यांत असतोच. डोळ्यांना दिसत नाहीं एवढेंच. या बारकाव्याचें महत्त्व पुढें कळून येईल.

साका बसविणें हें कसबाचेंही काम आहे. पिवळा रंग अधिक खुलावा म्हणून पोटॅशियम आयोडाइड ओतीतच राहिलें, तर बसलेला साका हळूहळू नाहींसा होऊं लागतो. अति तेथें माती म्हणतात, त्यांतलाच हा प्रकार. आयोडीनच्या आयनांची गर्दी फार झाली म्हणजे ते शिशाला चोहोंकडून वेढून एक निराळाच संयुक्त आयन बनवितात, आणि तो मात्र पाण्यांत सुखानें राहतो.

या साक्याची खरी शोभा त्याला उकळत्या पाण्यांत घातल्यावर दिसते. शंभर अंशांच्या पाण्यांत शिशाचें आयोडाइड लिटरला सुमारें चार ग्रॅम, म्हणजे थंड पाण्याच्या पांचपट, विरघळतें. साक्यांतील थोडासा भाग पुरेशा पाण्यांत घालून उकळला, तर पिवळेपणा पार नाहींसा होऊन पाणी निव्वळ स्वच्छ होतें. मग ती नळी स्वस्थ निवूं द्यावी. कांहीं वेळ कांहींच घडत नाहीं. नंतर एक चकाकता कण दिसतो, मग दुसरा, मग दहा, आणि पाहतां पाहतां साऱ्या नळींतून सोन्याचा वर्ख चुरून टाकल्याप्रमाणें लखलखणाऱ्या चकत्या गिरक्या घेत खालीं उतरूं लागतात. रसायनशास्त्रज्ञ याला सोनेरी पाऊस म्हणतात. घाईनें बसविलेला साका मातकट आणि भुकटीसारखा असतो. सावकाश निववून मिळविलेले स्फटिक षट्कोनी, पातळ व तकतकीत असतात. पदार्थ एकच, बनण्याला मिळालेला अवधि तेवढा निराळा.

या चकत्या इतक्या पातळ कां, याचें कारण त्यांच्या घडणींत आहे. शिशाच्या कणांचा एक पापुद्रा, त्याच्या वर आणि खालीं आयोडीनच्या कणांचे पापुद्रे, असे थरांवर थर या स्फटिकांत रचलेले असतात. एका थरांतील बंध बळकट असतो. एका थराचा दुसऱ्या थराशीं असलेला संबंध सैल असतो. म्हणून स्फटिक आडवा पसरतो, उंच वाढत नाहीं, आणि आरशासारखा प्रकाश परतवितो.

आतां रंगाचा प्रश्न. शिशाचे आयन रंगहीन, आयोडीनचे आयन रंगहीन, दोन्ही एकाच गरम पाण्यांत असले तरी पाणी रंगहीन. मग स्थायूला पिवळेपणा आला कोठून? याचें उत्तर असें कीं हा रंग त्या दोघांपैकीं एकट्याचा नाहीं. तो त्यांच्या निकट सहवासाचा आहे. स्फटिकांत शिसें व आयोडीन एकमेकांना लागून बसलेलीं असतात. अशा स्थितींत आयोडीनकडील एखादा इलेक्ट्रॉन शिशाकडे झेंप घेऊं शकतो. मात्र त्या झेंपेसाठीं त्याला बळ लागतें, आणि तें तो प्रकाशांतून घेतो. जांभळ्या व निळ्या किरणांत तेवढें बळ असतें, म्हणून तेवढे किरण स्फटिक गिळून टाकतो. पांढऱ्या प्रकाशांतून जांभळा आणि निळा भाग वजा झाला म्हणजे जें उरतें तें डोळ्यांना पिवळें दिसतें. पाण्यांत हेच आयन दूरदूर असतात, प्रत्येकाभोंवतीं पाण्याच्या रेणूंचें कडें असतें, आणि झेंप घेणें इतकें अवघड होतें कीं दृश्य प्रकाशाचें बळ त्याला पुरत नाहीं.

शिशाचें क्लोराइड पांढरें कां, याचाही उलगडा यांतच होतो. क्लोरीन आपले इलेक्ट्रॉन कृपणाच्या धनासारखे घट्ट धरून ठेवतो. त्यांतला एक सोडवावयाचा तर डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरणच लागतात. दृश्य प्रकाश जसाच्या तसा परत येतो आणि साका पांढरा दिसतो. आयोडीनची मूठ त्या मानानें सैल, म्हणून त्याचा साका पिवळा. शिशाची गांठ गंधकाशीं पडली तर सगळाच दृश्य प्रकाश गिळला जातो आणि साका काळाकुट्ट होतो. जुन्या तैलचित्रांतील व रेखाचित्रांतील सफेदा, जो शिशाचाच असे, शहरांतील गंधकयुक्त हवेनें काळवंडतो, तो याच कारणानें.

शिशाच्या साक्यांच्या या कुटुंबांत आयोडाइडाहून अधिक प्रसिद्ध आणि अधिक उपद्रवी असा एक भाऊबंद आहे. तो म्हणजे शिशाचें क्रोमेट. त्याची कथा सैबेरियांतून सुरू होते. उरल पर्वताच्या प्रदेशांत, येकातेरिनबुर्ग शहराजवळच्या बेऱ्योझोव्ह येथील खाणींत, नारिंगी तांबड्या रंगाचें एक सुंदर खनिज अठराव्या शतकांत सांपडलें. केशराच्या ग्रीक नांवावरून त्याला पुढें क्रोकॉइट म्हणूं लागले. पॅरिसचा रसायनशास्त्रज्ञ लुई निकोला व्होकलँ यानें १७९७ सालीं या खनिजांत एक नवी धातु असल्याचें दाखवून दिलें. तिच्या संयुगांचे नानाविध रंग पाहून तिला क्रोमियम हें नांव मिळालें. ग्रीक भाषेंत क्रोमा म्हणजे रंग. या नैसर्गिक खनिजांत जें संयुग आहे तेंच पेल्यांतही तयार करतां येतें. पोटॅशियम क्रोमेटाच्या द्रावणांत शिशाच्या क्षाराचें द्रावण घालतांच गर्द पिवळा साका बसतो. व्होकलँनें १८०९ सालीं या रंगाविषयीं सविस्तर लिहिलें आणि थोड्याच वर्षांत क्रोमपिवळा या नांवानें तो युरोपच्या बाजारांत रूढ झाला.

आयोडाइड आणि क्रोमेट यांच्या रंगांत एक भेद आहे. आयोडाइडाचा रंग शिशाच्या भेटीपूर्वीं कोठेंच नसतो. क्रोमेटाचें द्रावण मात्र मुळांतच पिवळें असतें. शिशाच्या सहवासानें तो रंग दाट होतो, आणि पाण्यानें धुतला न जाणारा असा होतो. साका बसवितांना द्रावण किती दाट होतें, किती तापलेलें होतें, आम्लधर्मी होतें कीं अल्कधर्मी, यांवर त्याची छटा ठरते. सल्फेटाचा अंश मिसळला तर लिंबासारखा फिका पिवळा मिळतो. अल्कधर्मी द्रावणांत शिजविला तर नारिंगी आणि तांबडाही होतो. खुद्द क्रोकॉइटाचा खडा नारिंगी तांबडा दिसतो, पण तो घांसला तर त्याची पूड पिवळी पडते. कणांचें आकारमान बदलल्यानेंही रंग असा बदलतो.

चित्रकारांना हा रंग मोठें वरदान वाटला. व्हॅन गॉग यानें १८८८ सालीं दक्षिण फ्रान्समधील आर्ल या गांवीं सूर्यफुलांचीं जीं चित्रें काढलीं, त्यांत क्रोमपिवळ्याचा सढळ हातानें उपयोग केलेला आहे. पण हें सोनेंही सर्वस्वी अक्षय ठरलें नाहीं. त्याच्या कांहीं चित्रांतील पिवळा भाग तपकिरी पडत चालला आहे, त्याचें कारण २०११ सालीं ग्रेनोबल येथील प्रचंड क्ष-किरण यंत्राच्या साहाय्यानें उकललें. प्रकाशामुळें पृष्ठभागावरील क्रोमियमचें रूप बदलतें आणि पिवळेपणा जातो. सल्फेट मिसळलेल्या फिक्या छटा तर अधिक लवकर बिघडतात. अमेरिकेंत १९३९ सालीं न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत भरलेल्या परिषदेनें शाळेच्या मोटारगाड्यांसाठीं जो पिवळा रंग ठरविला, त्याच्या मूळच्या नांवांतही क्रोम हा शब्द होता, कारण तो याच साक्यापासून होत असे. पहांटेच्या अंधुक प्रकाशांतही तो लांबून दिसतो. मुलें सुखरूप राहावींत म्हणून निवडलेल्या त्या रंगांत शिसें होतें. पुढें शिसें नसलेले रंग त्याच्या जागीं आले.

भिंतीवर, चित्रावर आणि गाडीवर असेपर्यंत या रंगाचा गुण म्हणजे त्याचें न विरघळणें. पाऊस पडला तरी तो ओघळत नाहीं. एक लिटर पाण्यांत शिशाचें क्रोमेट एक मिलिग्रॅमभरही विरघळत नाहीं. आणि याच गुणानें लोकांची मोठी फसगत झाली. जें पाण्यांत विरघळत नाहीं तें अंगांत कशाला मुरेल, जसें खाल्लें तसेंच बाहेर पडेल, अशी समजूत करून घेण्यास हा गुण फार सोयीचा होता. मग भिंतीवरचा रंग खाण्याच्या पदार्थांत शिरला.

लंडनच्या दुकानांतून मुलांसाठीं विकल्या जाणाऱ्या रंगीत मिठायांची परीक्षा विल्यम ब्रूक ओशॉनेसी या तरुण आयरिश डॉक्टरानें केली आणि १८३१ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रांत तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पिवळ्या मिठाईंत त्याला शिशाचें क्रोमेट आढळलें. हाच ओशॉनेसी १८३३ सालीं कंपनीच्या नोकरींत कलकत्त्यास आला, तेथील मेडिकल कॉलेजांत रसायनशास्त्र शिकवूं लागला, आणि पुढें हिंदुस्थानांत तारायंत्राचें जाळें त्याच्याच देखरेखीखालीं पसरलें. कलकत्ता व मुंबई तारेनें जोडणारा म्हणून त्याचें नांव कांहींजणांना ठाऊक असतें. मिठाईंतील विष पकडणारा म्हणून तें फारच थोड्यांना ठाऊक असतें. त्यानंतर वीस वर्षांनीं आर्थर हिल हॅसल यानें त्याच पत्रांतून भेसळीवर लेखमाला चालविली, तेव्हां कोठें विलायतेंत १८६० सालीं भेसळीविरुद्ध पहिला सर्वसाधारण कायदा झाला. तरीही १८८७ सालीं अमेरिकेंत फिलाडेल्फिया शहरीं पाववाले अंड्यांचा भास व्हावा म्हणून पावांत क्रोमपिवळा घालीत असल्याचें उघडकीस आलें, आणि तें उघडकीस येण्यापूर्वीं त्यानें बळी घेतले होते.

ही सारी जुनी आणि परदेशची हकीकत म्हणून सोडून देण्यासारखी असती, तर बरें होतें. बांगला देशांत गरोदर स्त्रियांच्या रक्तांत शिसें आढळूं लागलें, पण तें येतें कोठून हें कळेना. माती, डबाबंद पदार्थ, कीटकनाशकें, अशा अनेकांवर संशय होता. शिसें सर्वत्र एकाच घडणीचें नसतें. निरनिराळ्या खाणींच्या शिशांत हलक्या व जड अणूंचें प्रमाण निरनिराळें असतें. या ठशावरून तपास करतां २०१९ सालीं बोट हळदीकडे वळलें. हळकुंडांना झळाळी आणण्यासाठीं त्यांना पॉलिश करतांना शिशाचें क्रोमेट चोळलें जात होतें. एका नमुन्यांत तर किलोमागें एक ग्रॅमाहून अधिक शिसें निघालें. तेथील कायद्यानें घातलेल्या मर्यादेच्या तें सुमारें ५०० पट होतें. ही चाल १९८० नंतरच्या दशकांत एका पुरानंतर पडली, असें तेथील व्यापाऱ्यांनीं सांगितलें. पुरानें हळद भिजली, काळपट पडली, तिला गिऱ्हाईक मिळेना, म्हणून रंग चोळला. पूर ओसरला, रंग राहिला.

अर्ध्या हळकुंडानें पिवळें होणाऱ्यांची मराठींत थट्टा केली जाते. या साक्यानें मात्र चिमटीभरांत पोत्यांमागून पोतीं पिवळीं होतात, आणि त्यांत थट्टेचें कांहींच नाहीं.

पाण्यांत न विरघळणारी ही वस्तु अंगांत कशी मुरते, हें आतां सांगितलें पाहिजे. पोट म्हणजे पाण्याचा पेला नव्हे. जठरांत हायड्रोक्लोरिक अॅसिड असतें. क्रोमेटाच्या आयनाला आम्ल भेटलें कीं तो डायक्रोमेट या दुसऱ्या रूपांत जातो. म्हणजे शिशाला धरून ठेवणारा जोडीदारच जागा सोडतो. तो निघून गेला कीं साक्यांतील आणखी थोडें शिसें मोकळें होतें. तें आंतड्यांत शोषलें गेलें कीं मागून आणखी थोडें सुटतें. साका म्हणजे अत्यल्प विरघळणारी वस्तु, हें आरंभीं सांगितलें त्याचा अर्थ येथें लागतो. अत्यल्प असलें तरी रोजच्या आमटीभाजींतून तें रोज पोटांत जातें, आणि शरीराला त्याचा निचरा फार सावकाश करतां येतो.

शरीराची फसगत होण्याचें कारण असें कीं शिसें कॅल्शियमचें सोंग घेतें. हाडें त्याला चुना समजून घरांत घेतात आणि वर्षानुवर्षें सांभाळतात. गरोदरपणीं आईच्या हाडांतील कॅल्शियम बाळासाठीं सुटूं लागलें म्हणजे जुनें शिसेंही त्याबरोबर निघतें. लहान मुलांचीं आंतडीं मोठ्यांच्या चौपट पांचपट शिसें शोषतात, आणि त्याचा पहिला घाव वाढत्या मेंदूवर पडतो. बुद्धि, लक्ष आणि स्वभाव यांवर त्याचा परिणाम होतो. रक्तांत अमुक इतकें शिसें असलें तर धोका नाहीं, अशी कोणतीही मर्यादा आढळलेली नाहीं, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. क्रोमेटांतील क्रोमियमही निर्दोष नाहीं. त्याची धूळ श्वासावाटे घेणाऱ्या कामगारांना फुप्फुसाच्या कर्करोगाचें भय असतें.

मग या संकटाला उपाय काय? बांगला देशाचेंच उदाहरण धीर देणारें आहे. २०१९ सालीं तेथें वर्तमानपत्रांतून लोकांना सावध करण्यांत आलें, बाजारांत सूचना लावण्यांत आल्या, आणि हातांत धरतां येणाऱ्या क्ष-किरण उपकरणानें जागच्या जागीं तपासणी करून दोषी व्यापाऱ्यांना दंड झाला. त्या वर्षीं बाजारांतील सुमारें ४७ टक्के नमुन्यांत शिसें सांपडलें होतें. २०२१ सालीं एकाही नमुन्यांत तें सांपडलें नाहीं. हळदीच्या गिरण्यांतील कामगारांच्या रक्तांतील शिसेंही सुमारें ३० टक्क्यांनीं उतरलें. तीस चाळीस वर्षांची खोड दोन वर्षांत मोडतां आली.

भारतांतही हळदींत शिशाचें क्रोमेट मुळींच असतां कामा नये, असा अन्नकायद्याचा नियम आहे. सांगलीसारखी हळदीची नामांकित पेठ ज्या महाराष्ट्रांत आहे, तेथें तर या नियमाची चाड ग्राहकांनाही असावी. कारण रंग चोळणारा हात व्यापाऱ्याचा असला, तरी तो रंग मागणारा डोळा ग्राहकाचा असतो. हळदीचा खरा पिवळेपणा कुर्क्युमिन या द्रव्याचा. तो वाणापरत्वें कमीजास्त, कधीं किंचित् नारिंगी, कधीं किंचित् मळकट असतो. झळझळीत, एकसारख्या आणि डोळे दिपविणाऱ्या पिवळेपणाचा हट्ट धरला, म्हणजे तो पुरविणारा कोणीतरी भेटतोच. पी हळद अन् हो गोरी, हा उतावळेपणा पिणाऱ्याला शोभत नाहीं, तसा विकत घेणाऱ्यालाही शोभत नाहीं.

घरच्या घरीं करण्यासारखी एक प्राथमिक परीक्षा आहे. कांचेच्या पेल्यांतील पाण्यांत अख्खें हळकुंड टाकावें. शुद्ध हळकुंड सहसा रंग सोडीत नाहीं. वरून रंग चोळलेलें हळकुंड अधिक झळझळीत दिसतें आणि पाण्यांत लागलाच रंग सोडतें. ही केवळ संशयाची खूण समजावी. चुना लावला कीं हळद तांबडी होते, कुंकू तसेंच करतात, म्हणून चुन्यानें परीक्षा होईल, असें कोणास वाटेल. पण भेसळींतही हळद असतेच आणि ती तांबडी होणारच. निर्णय प्रयोगशाळेचाच घ्यावा. घरांतील मुलाविषयीं शंका असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्यानें रक्त तपासून घ्यावें. आहारांत लोह व कॅल्शियम पुरेसें असेल तर शरीर शिसें कमी शोषतें, हेंही आयांनीं ध्यानांत ठेवावें.

प्रयोगशाळेंत हळदीची राख करून ती नायट्रिक अॅसिडांत विरघळवितात आणि गाळलेल्या द्रावणांत पोटॅशियम आयोडाइडाचे थेंब टाकतात. शिसें भरपूर असेल तर शाळेंतील तोच पिवळा ढग तेथेंही उसळतो. एका पिवळ्या साक्याची चोरी दुसरा पिवळा साका पकडून देतो. मात्र ढग उठला नाहीं म्हणून हळद निर्दोष ठरत नाहीं. शिशाचें आयोडाइड लिटरला पाऊण ग्रॅमपर्यंत स्वच्छ पाण्यांत लपून राहूं शकतें, आणि मुलाच्या मेंदूला घातक होण्यास त्याहून कितीतरी कमी शिसें पुरतें. म्हणून अल्प प्रमाणाच्या शोधासाठीं सूक्ष्म उपकरणेंच वापरावीं लागतात.

शाळांतील शिक्षकांनाही यांत एक लहानसें कर्तव्य आहे. सोनेरी पाऊस मुलांना अवश्य दाखवावा. तसा देखावा रसायनशास्त्रांत थोडा. पण प्रयोग संपल्यावर ती नळी मोरींत रिकामी करूं नये. साका, आणि त्यावरचें स्वच्छ दिसणारें पाणीही, एका बाटलींत जमा करावें, बाटलीवर “शिसें” अशी चिठ्ठी लावावी, आणि हात धुतल्यावांचून कोणालाही डबा खाऊं देऊं नये. वरचें पाणी स्वच्छ दिसत असतां तेंही बाटलींत कां ओतावयाचें, असें एखाद्या मुलानें विचारलें, तर समजावें कीं धडा त्याला कळूं लागला आहे. त्या प्रश्नाचें उत्तर त्याला नीट द्यावें.